पट्टीवर नव्हे, अंगावर

काउंटरवर कागदी पट्टी ग्राहकाच्या नाकाशी धरायची आणि त्याने मान डोलावली की बिल करायचे, ही आपल्या धंद्यातली सवय मसालेदार, लाकडी वळणाच्या पुरुषी परफ्यूमच्या मुळावर आली आहे. हा प्रकार रचला जातो तोच अंगावर तासन्‌तास उलगडण्यासाठी. पहिल्या पाच मिनिटांत नाकाला भिडतात ती मुख्यतः संत्र्या-लिंबाची तेले.

मसाला म्हणजे एकच थर, असे आपण धरून चालतो. तसे नाही. वेलचीतले सिनिओल सुमारे १७६ अंशांना उकळते, म्हणजे लिंबातल्या लिमोनिनच्याच बरोबरीने. ते लवकर उडते. मिऱ्याचा पहिला झणकाही तसाच. धण्यातले लिनालूल १९८ अंशांचे, ते थोडे रेंगाळते. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड आणि लवंगेतले युजेनॉल २५० अंशांच्या आसपासचे. त्वचेवर काही उकळत नाही हे खरे, पण निघून जाण्याचा क्रम ढोबळमानाने हाच. म्हणून चंदनापर्यंतची वाट दालचिनी-लवंगेवरून जाते, आणि रचनाकाराचे कसब तिथेच कळते.

शनेलचा ‘एगोईस्त’ (१९९०) हा क्रम ध्यानात ठेवून पुन्हा एकदा हुंगून पाहा. जाक पोल्झ यांनी एर्नेस्ट बो यांच्या १९२६ च्या ‘ब्वा देझिल’ या परफ्यूममधले चंदन पुरुषांसाठी नव्याने मांडले. सुरुवातीला धणे-दालचिनी पुढे असते, मग गुलाब, आणि शेवटी चंदन-व्हॅनिला. चंदन उशिरा येत नाही. ते पहिल्यापासून असतेच. पुढची मंडळी उठून गेल्यावर दिसते.

पट्टीला ना ऊब असते ना तेलकटपणा. तेलकट त्वचा जड रेणू धरून ठेवते, कोरडी लवकर सोडते. त्यातून दुकानात एसी, बाहेर घाम. शिवाय आयसो ई सुपरसारखा लाकडी रेणू काहींच्या नाकाला जाणवतच नाही आणि इतरांना तो मधूनच हरवल्यासारखा वाटतो. अशा ग्राहकाला ‘वास उडाला’ असे सांगणे चूक आहे.

काउंटरवरच्या या घाईमुळे उत्पादकही सुरुवात दणदणीत करण्याच्या मागे लागतात आणि पायाच्या चंदनात, वाळ्यात काटकसर करतात. दालचिनी वाढवून हे साधायला जावे, तर सिनॅमाल्डिहाइडवर इफ्राच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या, मर्यादा आहेत. त्या त्वचेच्या ॲलर्जीपोटी घातलेल्या आहेत. त्यांना अडचण समजू नये.

आमची दुकानदारांना कळकळीची विनंती आहे. नमुना मनगटाऐवजी कोपराच्या आतल्या बाजूला लावा, म्हणजे हात धुताना तो जाणार नाही. चोळू देऊ नका. लावल्याची वेळ चिठ्ठीवर लिहून द्या आणि चार तासांनी हुंगायला सांगा. एका वेळी एका हाताला एकच परफ्यूम. विक्री एक दिवस लांबेल, काही जण परतणारही नाहीत. जो परत येईल, तो मात्र संध्याकाळपर्यंत अंगावर काय उरते हे जाणून बाटली घेईल.