व्यजन, विंझणा आणि विजेचा पंखा

पंख्यास संस्कृतात व्यजन म्हणतात. अमरकोशाने त्याचा दुसरा पर्याय तालवृन्तक असा दिला आहे. म्हणजे ताडाच्या पानाचा पंखा. आपल्या घरांतील विंझणा हा या व्यजनाचाच वंशज होय. व्यजनाच्या वाऱ्याने श्रम, दाह, घाम व मूर्च्छा यांचा परिहार होतो, असे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. हा गुण देहाला होणारा आहे. खोली थंड होते असे त्यात म्हटलेले नाही. हा भेद आम्ही विद्यार्थ्यांना शिकविला असेल, पण स्वतः शिकलो तो उतारवयात.

आमचे घर मालवणपासून दोनतीन कोसांवर, माडांच्या आगरात आहे. माजघरात विजेचा पंखा आल्यावर पश्चिमेकडील खिडकीची गरज उरली नाही असे समजून आम्ही तिच्यापुढे पुस्तकांचे कपाट उभे केले. बरीच वर्षे काही बिघडले नाही. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले. माड पडले, खांब पडले, आणि आमच्या वाडीत सहाव्या दिवशी वीज आली. तिसऱ्या रात्री अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या मातुःश्री घामाने निथळू लागल्या. जीभ कोरडी, नाडी जलद. आम्ही विजेच्या नावाने त्रागा करीत होतो. त्या क्षीण स्वरात म्हणाल्या, “अरे, वीज गेली म्हणून वारा का गेला? तुझे ते कपाट आधी हलव.” शेजारच्या दोन मुलांना हाक मारून कपाट हलविले, खिडकी उघडली, समोरचे पूर्वेचे दारही उघडले. ओल्या पंचाने हातपाय पुसले, घोट घोट पाणी दिले आणि माळ्यावरचा विंझणा काढून आळीपाळीने वारा घातला. पहाटे त्यांना झोप लागली.

तात्पर्य असे की, पंखा हवा थंड करीत नाही. तो फक्त तिला हलवितो. अंगालगतचा उष्ण, दमट थर दूर सारला म्हणजे घाम लवकर वाळतो व त्यामुळे दोनतीन अंशांनी कमी उकडल्यासारखे वाटते. खोलीत कोणी नसताना पंखा फिरत ठेवणे व्यर्थ आहे. किंबहुना त्याने घेतलेली वीज अखेर उष्णताच होत असल्याने खोली किंचित तापतेच. तसेच हवा सुमारे पस्तीस अंशांच्या वर गेली की नुसता वारा अंगाला उष्णताच आणून देतो. मग सारी भिस्त घामावर असते. वृद्धांस घाम कमी येतो. त्यांच्यासाठी अशा वेळी पंख्याच्या जोडीला ओला पंचा व पुरेसे पाणी हवेच.

आता ऋतुमानाप्रमाणे पाहू. खारे वारे व मतलई वारे आपण सर्वांनी भूगोलात पाठ केले आहेत; त्यांचा उपयोग मात्र घरात करीत नाही. उन्हाळ्यात दिवस वर आला की जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते व वारा समुद्राकडून येऊ लागतो. दुपारी त्याचा जोर असतो. तेव्हा पश्चिमेच्या व समोरच्या खिडक्या उघड्या ठेवल्यास पंखा मंद चालून भागते. तिन्हीसांजेला हा वारा पडतो आणि जमिनीवरचा वारा अद्याप सुटलेला नसतो. पंख्याची खरी गरज या संधिकाळी. ज्यांच्या घरावर स्लॅब आहे, त्यांनी दिवसभर तापलेल्या छताखाली दारे लावून पंखा फिरवू नये. वरची ऊन हवाच खाली येते. प्रथम खिडक्या उघडाव्यात, मग पंखा.

पावसाळ्यात ओले कपडे माजघरात वाळत घालून दारे गच्च लावली व पंखा जोरात सोडला, तर कपड्यांतील पाणी खोलीतच राहते आणि भिंतींना व ग्रंथांना बुरशी धरते. आमच्या कपाटातील कित्येक पोथ्या या अज्ञानास बळी पडल्या. पावसाची झड ज्या बाजूस नसेल तिकडची खिडकी थोडी उघडी ठेवून पंखा मध्यम वेगाने फिरवावा. आश्विनातील उकाड्यात उन्हाळ्याचेच नियम पाळावेत. थंडीत पहाटे वारा अंगाला झोंबतो, म्हणून रात्री अगदी मंद वेग पुरे. डास उडण्यात दुबळे असल्याने त्यांनाही तेवढा वारा अडवितो. मच्छरदाणी मात्र सोडू नये. थंड देशांत हिवाळ्यात पंखा उलट फिरवून छताशी साचलेली ऊब खाली आणतात. आपल्या किनाऱ्यावर त्याचे प्रयोजन नाही. नव्या पंख्यास तशी कळ असली तरी तिच्यासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

पंख्याची पाती जमिनीपासून सातआठ फुटांवर व छतापासून सुमारे फूटभर खाली असावीत. उंच कौलारू घरात लांब दांडी लावून पंखा खाली आणावा. खाऱ्या हवेने हूक, दांडी व खिळे गंजतात. वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून ते तपासून घ्यावेत. पाती पुसताना प्रथम मुख्य बटन बंद करावे व जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून ओढावा, म्हणजे धूळ अंथरुणावर न पडता आतच राहते. पंखा विनाकारण मंदावल्यास बहुधा कपॅसिटर क्षीण झालेला असतो. तो अल्प खर्चात बदलता येतो.

खर्चाचेही दोन शब्द. साधा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. रोज दहा तासांप्रमाणे महिन्याला साडेबावीस युनिटे होतात. बीएलडीसी मोटरचा पंखा तेच काम ३० ते ३५ वॅटांत करतो. म्हणजे सुमारे दहा युनिटे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर वीजबचतीचे तारे दाखविणारी चिठ्ठी सक्तीची झाली आहे. खरेदीपूर्वी ती वाचावी. गरम होणारा जुना पेटीसारखा रेग्युलेटर पंखा मंद केला तरी उरलेली वीज उष्णतेत घालवितो. तो बदलून इलेक्ट्रॉनिक घ्यावा.

मातुःश्री आज हयात नाहीत. त्यांची खाट जेथे असे, तेथे आता आम्ही निजतो. कपाट पुन्हा खिडकीपुढे नेलेले नाही, आणि विंझणा माळ्यावर न ठेवता खुंटीला, हाताशी टांगला आहे. वाचकांनीही आज सायंकाळी आपल्या घरातील कोणती खिडकी सामानाने बुजली आहे तेवढे पाहावे, इतकीच विनंती.