सुरुंग लावण्याआधी वस्तीला विचारा

सप्टेंबर २०२५ मध्ये घणसोली ते शिळफाटा हा बुलेट ट्रेनचा जवळपास पाच किलोमीटरचा बोगदा आरपार झाला. शेवटचा सुरुंग रेल्वेमंत्र्यांच्या हस्ते उडाला, टाळ्या पडल्या. हा टप्पा यंत्राने पोखरलेला नाही. खडकात भोके पाडून, त्यांत स्फोटके भरून तो फोडत नेला.

पण शिळ म्हटले की आम्हाला आधी ४ एप्रिल २०१३ आठवतो. याच शिळमध्ये बांधकाम सुरू असलेली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसे मेली. त्यांत ती बांधणारे मजूर होते, त्यांची लेकरे होती. मुंब्रा, दिवा, शिळ, कल्याण पूर्व या पट्ट्यात घराघराचे बांधकाम कोणत्या दर्जाचे आहे, हे प्रशासनाला ठाऊक नाही असे कोण म्हणेल? डोंबिवलीकरांनी तर २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे एमआयडीसीतले दोन भीषण स्फोट भोगलेत. अशा लोकांना ‘घाबरू नका, स्फोट नियंत्रित आहे’ एवढे सांगून भागत नाही.

कायदा पाहा. परवान्याचा कागद कंपनी, जिल्हा प्रशासन आणि स्फोटक नियंत्रक यांच्यात फिरतो. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेने इमारत बांधकामांना जनसुनावणीतून सूट दिली. रेल्वे तर तिच्या यादीतच नाही. म्हणजे ज्याच्या भिंतीला हादरा बसणार, त्याला विचारण्याची वेळच येत नाही.

आणि हादऱ्याचे माप? खाण सुरक्षा महासंचालनालयाचा तक्ता खाणींसाठी आहे, पण खाणीबाहेरच्या सुरुंगांनाही बहुधा तोच लावतात. कमी कंपनसंख्येच्या हादऱ्याला त्यात राहत्या घरासाठी मर्यादा सेकंदाला ५ मिलिमीटर, ऐतिहासिक वास्तूसाठी २. जुन्या वास्तूला जपावे, आमची ना नाही. पण कच्चे घर आणि विटा-सिमेंटचे घर या तक्त्यात एकाच रकान्यात बसवले आहे! पत्र्याच्या झोपडीची आणि सोसायटीची भिंत एकच हादरा सारखाच सोसते, हे कोणी ठरवले?

काही साथी म्हणतात, शहरात सुरुंगच नको. आम्हाला ते पटत नाही. डोंगर फोडायला कधी कधी सुरुंग लागतोच, आणि ते काम वडार समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. भांडण सुरुंगाशी नाही, न विचारता लावण्याशी आहे. ठाणे-बोरिवली बोगद्याच्या कामाविरुद्ध मुल्लाबागचे रहिवासी उभे राहिले, त्यांची बाजू वर्तमानपत्रांत छापून आली. चांगलेच झाले. पण ज्यांच्याकडे सोसायटीचे लेटरहेड नाही, त्यांची बाजू कोण छापणार?

म्हणून पहिली मागणी घरांच्या पाहणीची. पहिल्या सुरुंगाआधी प्रत्येक घराच्या भिंतींचे फोटो काढा आणि त्याची प्रत घरमालकाला, भाडेकरूलाही द्या. नंतर ‘ही भेग जुनीच’ म्हणायला जागा राहता कामा नये. ही पाहणी झोपडीचा पुरावा मागून करू नये. १ जानेवारी २००० ची अट पुनर्वसनासाठी आहे, भेगेला ती लागू नाही. स्फोटाची वेळ आणि कंपनाचे रोजचे आकडे मराठी, हिंदी, उर्दूत विहाराबाहेर, मशिदीबाहेर, नाक्यावर लागले पाहिजेत. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ मागितल्याशिवाय माहिती द्यायला सांगते.

डिसेंबर १९४३ मध्ये मजूरमंत्री बाबासाहेब धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आजच्या अधिकाऱ्याने निदान वस्तीपर्यंत यावे.

बोगद्याचे काम चालू होते तेव्हा नवी मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली या तिन्ही महापालिकांत प्रशासक बसले होते. कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२० लाच संपली होती. निवडणूक झाली जानेवारी २०२६ मध्ये. आता नगरसेवक आहेत. संविधानाच्या २४३-एस कलमात तीन लाखांवरच्या शहरांसाठी प्रभाग समिती सांगितली आहे. आपल्या समितीची पुढची बैठक कधी आहे ते विचारा, आणि पुढचा सुरुंग कुठे लागणार हा विषय लेखी देऊन तिच्या पत्रिकेवर घ्यायला लावा.