जुना फ्रिज कुणाच्या घरी जातो?

दिवाळी जवळ आली की पेपरात पानभर जाहिराती सुरू होतात. ईदच्या आधी आमच्या मोहल्ल्यातल्या दुकानांवर तसेच फलक लागतात. जुना द्या, नवा न्या. जुन्याचे दोन-तीन हजार वळते होतात, पाच स्टारचा नवा फ्रिज घरी येतो, वीजबिल उतरतं, आणि वर पर्यावरणासाठी काहीतरी केल्याचं समाधान फुकटात मिळतं. नवा फ्रिज घेण्याला माझा काही विरोध नाही. मला चीड येते ती या फुकटच्या समाधानाची.

कारण तो जुना फ्रिज मरत नाही. टेम्पोत बसून तो आपल्यापेक्षा गरीब माणसाच्या घरी जातो.

बुलडाणा जिल्ह्यात हा प्रवास कुणालाही डोळ्यांनी पाहता येईल. मलकापूर, खामगाव, चिखली, मेहकर, कुठल्याही गावाच्या बाजारात फ्रिज-कूलर दुरुस्तीची दुकानं बघा. बाहेर फुटपाथवर दहा-बारा फ्रिज उभे असतात. गॅस भरलेला, दाराचं रबर चिकटवलेलं, वरून स्प्रेचा रंग मारलेला. "भाऊ, कंप्रेसर ओरिजनल हाय, दहा वर्स काईच होत नाई," असं दुकानदार सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो. कंप्रेसर चालतोच. वीज किती ओढतो हे तो सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. चार-पाच हजारांत, तेही हप्त्यानं, फ्रिज मिळतोय. घरात लेकरं आहेत, बाहेर 44 अंश ऊन आहे. कोण विचारणार?

माझ्या ओळखीच्या एका हमालाच्या घरी असाच फ्रिज आला. मी प्लगमध्ये लावायचा छोटा मीटर घेऊन गेलो. चोवीस तासांत दीड युनिट. म्हणजे महिन्याला 45. साधारण त्याच मापाच्या, एका दाराच्या नव्या फ्रिजला महिन्याला पंधराच्या आसपास पुरतात. आता त्याच्या घरातलं बाकीचं धरा. दोन पंखे, चार दिवे, टीव्ही, मोबाइल. पासष्ट-सत्तर युनिट आधीच होती. फ्रिजनं घर शंभरच्या पार नेलं. महावितरणच्या घरगुती दरात पहिली 100 युनिटं स्वस्त असतात. पुढच्या, म्हणजे 101 ते 300 च्या टप्प्यात प्रत्येक युनिटचा दर एकदम दुपटीच्या आसपास जातो. एप्रिल-मे मध्ये कूलर सुरू झाला की त्या फ्रिजचं जवळजवळ प्रत्येक युनिट महागाच्या टप्प्यात पडतं. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटनं वाचवलेली वीज गेली कुठे, याचं उत्तर या बिलावर छापलेलं आहे.

वीज बचतीची भाषणं मात्र कुणाला ऐकवली जातात? याच माणसाला. शाळेत, ग्रामपंचायतीत, जागतिक पर्यावरण दिनी. दिवे बंद करा, पंखा बंद करा. अरे, त्याच्याकडे बंद करायला आहे काय? ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो 2002 साली स्थापन झाला, 2006 पासून स्टारचं लेबल आलं, पंख्यांना ते 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचं झालं. चांगलं काम आहे, मी ते नाकारत नाही. पण स्टार नव्या वस्तूवर असतो. फुटपाथवरच्या रंगवलेल्या फ्रिजवर नसतो, आणि गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवून बनवलेल्या आपल्या विदर्भाच्या कूलरवरही नसतो. ज्या घराला एकेक युनिट मोजून वापरायचंय, त्याच घराच्या वस्तूवर आकडा नाही.

आणि पंख्याचं गणित तर फ्रिजपेक्षा सोपं आहे, ते कुणी नीट सांगतच नाही. जुना छताचा पंखा 75 वॅटचा. बीएलडीसी मोटरचा नवा पंखा 30 वॅटच्या आसपास. आपल्याकडे पंखा दिवसाला पंधरा तास सहज फिरतो. रोजचं पाऊण युनिट नाही पण पावणेसातशे वॅट-तास वाचतात, म्हणजे महिन्याला वीस युनिट, एका पंख्यामागे. दोन पंखे बदलले तर चाळीस. पंखा महाग आहे हे खरं, साध्यापेक्षा हजार-दीड हजारांनी. एलईडी बल्बही महागच होता. जानेवारी 2015 मध्ये केंद्राची उजाला योजना आली, सरकारनं घाऊक खरेदी केली, बल्ब वीजबिलाच्या खिडकीवर मिळू लागला आणि भाव कोसळला. जे बल्बला जमलं ते पंख्याला गरिबाच्या दारापर्यंत का नेत नाही, हा प्रश्न दिवे बंद करा म्हणणाऱ्यांना विचारायला हवा.

आता त्या फ्रिजचा शेवटचा मुक्काम. सात-आठ वर्षांनी कंप्रेसर बसतो आणि फ्रिज भंगारात येतो. इथून पुढची गोष्ट आमच्या लोकांची आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

समाजमाध्यमांवर मुसलमानाला हिणवायचं असलं की दोन शब्द तयार असतात, पंक्चरवाला आणि भंगारवाला. या धंद्यात सगळे मुसलमान नाहीत, पण आपल्या जिल्ह्यात बरेच आहेत, हे सांगायला मला लाज वाटत नाही. हातगाडीवर ओरडत फिरणाऱ्या त्या माणसानं शहराचं तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम पुन्हा कारखान्यापर्यंत पोचवलं आहे, रिसायकलिंग हा शब्द आपल्या कानावर पडायच्या कितीतरी आधीपासून. जे त्याला हसतात त्यांचा जुना मिक्सर कुठे गेला हे त्यांनी सांगावं.

पण कौतुकानं त्याची फुप्फुसं साफ होत नाहीत. फ्रिज आला की पहिल्यांदा तांब्याची नळी कापली जाते. फस्स करून गॅस जातो. फार जुन्या फ्रिजमध्ये आर-12 होता, ओझोनचा थर खाणारा. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगानं तो बंद करत आणला, भारतानं 2010 पर्यंत. नंतरच्या फ्रिजमध्ये आर-134ए आला. तो ओझोनला सोडतो, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशे पट आहे. एका फ्रिजमधला शंभरेक ग्रॅम गॅस सुटला की दीडशे किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं होतं. आणि अलीकडच्या फ्रिजवर मागे आर-600ए लिहिलेलं असेल तर तो गॅस पेट घेतो. गॅस कटर लावणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलंय का? मी विचारलं, नव्हतं सांगितलं.

मग वायर. तांबं सोलून काढायला वेळ लागतो, जाळलं की मिनिटांत मोकळं होतं. संध्याकाळी नाल्याच्या काठानं काळा धूर दिसला तर समजा प्लास्टिकचं वेष्टन जळतंय. पीव्हीसीच्या धुरात डायॉक्सिन असतं, ते शरीरात साठतं. जुन्या डब्बा टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ती काच फोडून टाकून देतात, कारण तिला गिऱ्हाईक नाही. दिल्लीचं सीलमपूर आणि पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेलं मुरादाबाद या कामात किती खोल बुडाली आहेत हे देशाला माहीत आहे. दोन्हीकडे राबणारे हात कुणाचे आहेत तेही माहीत आहे. आपल्याकडे प्रमाण लहान आहे, धूर तोच आहे.

आमचेच काही बुजुर्ग म्हणतात, हलाल रोजी आहे, लेकराला काम करू द्या. रोजी हलाल आहे, धूर हलाल कसा होईल? बारा वर्षांचं पोरगं शाळा सोडून वायर जाळत असेल तर त्याचा दोष फक्त सरकारवर टाकून जमातीला हात झटकता येणार नाहीत.

सरकारचा वाटा मात्र मोठा आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये केंद्राचे नवे ई-कचरा नियम निघाले, 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. वस्तूंची यादी 21 वरून 106 वर गेली. फ्रिज, वॉशिंग मशीन, एसी, टीव्ही सगळं त्यात आहे. ज्या कंपनीनं माल विकला तिनं ठरावीक प्रमाणात जुना माल रिसायकल करून घ्यायचा, 2025-26 साठी हे प्रमाण 70 टक्के. कागदावर उत्तम. पण नोंदणी कुणाची? उत्पादक, कंपनी, नूतनीकरण करणारा, रिसायकलर. हे नोंदणीकृत कारखाने राज्यात बहुतेक मुंबई, ठाणे, पुण्याच्या बाजूला. मलकापूरचा हातगाडीवाला या चार खान्यांत कुठेच बसत नाही. कंपनीनं रिसायकलरला किलोमागे किमान 22 रुपये द्यावेत असं सरकारनं 2024 मध्ये ठरवलं, तर काही बड्या कंपन्या हे महाग आहे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. चाळीस किलोच्या फ्रिजचे 880 रुपये. पाच आकडी किमतीला फ्रिज विकणाऱ्यांना ते जड होतात. ते मिळाले तरी ते कारखान्याला मिळणार. फ्रिज तिसऱ्या मजल्यावरून पाठीवर उतरवणाऱ्याचं नाव त्या हिशेबात नाही.

हे अशक्य आहे म्हणून होत नाही, असं कुणी सांगू नये. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायकांनी 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. त्यातून स्वच्छ ही सहकारी संस्था आली आणि पुणे महापालिकेनं तिच्याशी करार केला. ओळखपत्र मिळालं, घरोघरी जाण्याचा हक्क मिळाला. बहुतेक दलित बायका होत्या त्या, शिकलेल्या नव्हत्या. मग खामगाव-मलकापूरच्या भंगारवाल्यांना कोण अडवतंय? थोडं ते स्वतः अडतात, कारण आपसात भावावरून भांडतात आणि नोंदणी म्हटली की कराची नोटीस दिसते. आणि नगरपरिषदेला ते फक्त अतिक्रमण हटवायच्या दिवशी दिसतात.

एक गोष्ट मात्र कुठल्याही नियमाची वाट न बघता आमच्या हातात आहे. निकाहाच्या यादीत फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर लिहिणं. जहेज मागू नये हे जुम्याला सगळे ऐकतात आणि शनिवारी टेम्पो भरतात. मुलीच्या घरी अशी मशीनं येतात जी तिथं आधीच आहेत. मग आधीचा फ्रिज विकला जातो, वर सांगितलेल्या वाटेनं निघतो. बाप कर्जात, कंपनी खूश, आणि इसराफ म्हणजे फक्त ताटात बिर्याणी टाकणं असं आपण समजून बसलो आहोत. वाहत्या नदीच्या काठीही वुजूचं पाणी जपून वापरा असं शिकवणाऱ्या दीनचे आपण लोक आहोत. द्यायचंच असेल तर बीएलडीसीचे दोन पंखे द्या. महिन्याचे चाळीस युनिट पोरीच्या घरी वर्षानुवर्षं वाचतील.

नगरपरिषदांकडे मागणी फार मोठी नाही. जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या गावी एक पत्र्याची शेड, एक वजनकाटा, गॅस काढून सिलिंडरमध्ये भरायचं एक यंत्र आणि वायर सोलायचं एक. वायर सोलायचं साधं यंत्र काही हजारांत मिळतं, एका उद्घाटनाच्या मंडपापेक्षा कमी पैशांत. भंगारवाल्यांना ओळखपत्र द्या, शेडमध्ये आणलेल्या मालाला किलोमागे ठरलेला दर द्या, जळालेली वायर घेऊ नका. खामगावात या धंद्यातल्या काही तरुणांशी मी हे बोललो. एकानं एकच गोष्ट विचारली, शेडमध्ये पैसे रोख मिळतील की खात्यात, कारण रात्री घरी पीठ न्यावं लागतं.