आवाज वाढला, पॉवरचं काय?

म्हसळ्यातून श्रीवर्धनकडे जाणाऱ्या वीकेंडच्या गाड्या आधी ऐकू येतात, मग दिसतात. तुमच्या कॉलेजातही नवा सायलेन्सर आणि एअर फिल्टर बसवलेला एखादा असेलच. 'पाच हॉर्सपॉवर वाढली,' असं तो छातीठोक सांगतो. कशावर मोजली, विचारा. 'अरे, फील होतं ना!'

फीलचा आणि आवाजाचा जवळचा संबंध आहे, पॉवरचा नाही. ती मोजायला डायनो लागतो, म्हणजे गाडीचं चाक ज्यावर फिरवतात तो रोलर. 200 ड्यूकची सुमारे 25 हॉर्सपॉवर कंपनी सांगते ती इंजिनची. साखळी आणि टायरमध्ये थोडी खर्च होऊन रोलरवर कमीच दिसते. त्यामुळे ब्रोशरच्या आकड्याशी तुलना नकोच. हवेचाही घोळ असतो. तापमान 20 वरून 35 अंशांवर गेलं, तर डायनोवर वापरतात त्या नेहमीच्या सूत्राने ताकद अडीच टक्के घटते. म्हणजे 25 मधली 0.6 नुसत्या उन्हाने गेली! भर दुपारी जुना फिल्टर आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नवा तपासला, तर 'वाढ' दिसणारच. स्पोर्ट्स कारचंही हेच.

घाटात मित्राला मागे टाकलं, हा पुरावा नव्हे. त्याने बहुधा वळणावर ब्रेक दाबला असेल. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर गाडीतल्या प्रत्येक बेकायदा बदलाला 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

तरीही कायद्यात बसणारा पार्ट घ्यायचाच असेल, तर गॅरेजवाल्याकडे आधीचा आणि नंतरचा ग्राफ मागा. डायनो तोच, दिवस तोच, प्रत्येकी तीन रन. टाळाटाळ केली, तर पैसे खिशातच राहू द्या.