ठेवू का?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलेय. निमित्त लेकीच्या इंग्रजीचं.

दहावीच्या अभ्यासात ती 'फ्रेजल व्हर्ब्ज'ची भलीमोठी यादी पाठ करत होती. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणे... पाढे म्हणावेत तसं चाललं होतं. 'हँग अप म्हणजे फोन ठेवणे' इथे मात्र गाडी अडली. "आई, हँग म्हणजे टांगणे, अप म्हणजे वर. फोन वर कुठे टांगायचा?"

प्रश्न अगदी रास्त होता. आमच्या सांगलीच्या घरातला काळा फोनसुद्धा आम्ही कधी टांगला नाही, ठेवलाच. मग दोघी मिळून शोधायला बसलो.

ग्रॅहम बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. पुढच्या काही वर्षांत जे फोन घराघरांत गेले, ती भिंतीवरची लाकडी पेटी होती. बोलायचं पेटीकडे तोंड करून आणि ऐकायचा भाग हातात धरून कानाला लावायचा. बोलणं झालं की तो पेटीच्या बाजूच्या आकड्याला अडकवायचा. त्याच्या वजनाने आकडा खाली जाई, बोलण्याचा मार्ग तुटे आणि घंटीचा जोडला जाई. थोडक्यात, खरोखरच टांगल्याशिवाय संभाषण संपत नसे! हँग अप हा शब्द तेव्हा शब्दशः खरा होता. मुंबईत पहिलं एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली, म्हणजे आपल्याकडचे पहिले फोनही त्याच जमान्यातले.

इंग्लंडात याच गोष्टीला 'रिंग ऑफ' म्हणत. बोलणं आटोपलं की पेटीचं हँडल एकदा फिरवायचं. तिकडे एक्स्चेंजमध्ये खूण पडे आणि ऑपरेटर दोघांना जोडणारी वायर उपसून काढे. पुढे हँडलं गेली आणि रिंग ऑफ मागे पडला. हँग अप मात्र आकडा गेल्यावरही टिकला. टेबलावरचा फोन आला, मोबाईल आला, आता तर काचेवर बोट टेकवायचं, तरी इंग्रज माणूस फोन 'टांगतो'च. आणि आपण 'ठेवतो', मग तो हातातच का असेना.

हँग हा शब्द मुळात फारच जुना. जुन्या इंग्रजीतली दोन क्रियापदं आणि नॉर्स लोकांचा शब्द एकमेकांत मिसळून तो झाला. म्हणून त्याची भूतकाळी रूपंही दोन, कपड्यांना हंग आणि फाशी दिलेल्याला हँग्ड. फोनच्या शेकडो वर्षं आधी लोक हँग अप करत होते, कधी अंगरखा खुंटीला, कधी माणूस फासाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकी बोलीत 'हँग-अप' म्हणजे मनात अडकून बसलेली गोष्टही झाली.

माझं म्हणणं असं, की हे शब्द पोरांना यादीतून शिकवू नयेत. सगळ्यांची गोष्ट सापडेल असं नाही, पण ज्यांची सापडते ती सांगायला पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि शब्द जन्मभर लक्षात राहतो. यादीचा दुसरा दोष मोठा आहे. ती शेपटीकडे लक्षच देत नाही. हँग ऑन म्हणजे थांब, जाऊ नकोस. हँग अप म्हणजे संपलं. क्रियापद तेच, पण एका चिमुकल्या शब्दाने माणूस राहतो किंवा जातो. आणि 'हँग अप ऑन समवन' म्हटलं की पुढच्याचं बोलणं अर्ध्यावर तोडणं. त्यातला 'ऑन' म्हणजे आपलं 'तोंडावर'.

हा 'ऑन' मला यादीतून कळलेला नाही. नातेवाईक हा ब्लॉग वाचतात, त्यांना बरंचसं ठाऊक आहेच, तर लिहूनच टाकते. तीन महिन्यांपूर्वी आईवरून दादाशी माझं वाजलं. तो तिकडे न्यू जर्सीत, मी पुण्यात, आई सांगलीत एकटी. "तू तुझ्याकडे ठेव ना तिला," तो म्हणाला. मी म्हटलं, "आई काय वस्तू आहे ठेवायला?" आणि फोन बंद केला. पाच मिनिटांत मेसेज आला, "यू हंग अप ऑन मी."

तेव्हा वाटलं, बघा, भांडायलासुद्धा इंग्रजी! आता वाटतं, तो तरी काय करणार? 'तू फोन ठेवलास' यात तक्रारच नाही, आणि मी काही आपटला नव्हता, लाल खुणेवर अंगठा टेकवला होता, इतकंच. झालं होतं ते त्या एका 'ऑन'मध्ये बरोबर मावलं.

आपल्या 'ठेवणे'त मात्र एक गोष्ट आहे, जी हँग अपमध्ये नाही. आपण विचारतो. "ठेवू का?" आई तर तीन-तीनदा विचारते, आणि प्रत्येक वेळी पुढे आणखी पाच मिनिटं बोलते. लेक आणि तिच्या मैत्रिणी सरळ 'कट करते' म्हणतात. म्हणोत बापड्या, शब्द बदलायचेच. पण त्याआधीचं विचारणं जाऊ नये असं फार वाटतं. मीच ते विसरले होते, म्हणून जास्त.

दादा, वाचत असशील तर, रविवारी तुझ्या सकाळी फोन करते. आईचं काय करायचं ते आईलाच सोबत घेऊन बोलू. आणि तू 'ठेव' म्हटल्याशिवाय ठेवणार नाही.

असो. मंडळी, वस्तू गेली पण शब्द राहिला, असं तुमच्या बोलण्यात काय काय आहे? जरूर लिहा.