क्यूचे तेल आणि तेलाचे फडके
अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात लाकडी दारे फुगतात. १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मलेल्या स्नूकरचा क्यूही लाकडाचाच; तोही ओल शोषतो आणि वाकू शकतो. तेल ही ओल पूर्ण रोखत नाही, मात्र तिचा शिरकाव मंदावते.

क्यूवर लॅकरचा लेप असल्यास तेल मुरत नाही; तेथे कोरडे पुसणे पुरे. लाकूड उघडे असल्यास मऊ सुती फडक्यावर कच्च्या जवस तेलाचे चार-पाच थेंब घेऊन लांबीच्या दिशेने चोळावे, रात्रभर मुरू द्यावे व सकाळी उरलेले पुसून काढावे. टोकावरील चामड्याला तेल लागू देऊ नये.

खरी सावधगिरी फडक्याची. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून वाळते आणि त्यात उष्णता निर्माण होते. चुरगाळलेल्या फडक्यात ती कोंडते व फडके आपोआप पेट घेऊ शकते. दुकानाच्या माळ्यावर, कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी टाकलेला असा एक बोळा वर्षांची कमाई भस्मसात करू शकतो. म्हणून फडके बाहेर मोकळ्या हवेत पूर्ण पसरून वाळवावे, अथवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे. क्यू जपताना पेढीही जपली जावी.