मास्तर बदलून निकाल लागतो का?

मंडळी, १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात भारत सिंगापूरकडून १-२ हरला आणि आशिया कप हुकला. नातू लगेच म्हणाला, "आजोबा, खालिद जमीलला काढा!"

जमील येऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. आधीचे मार्केझ वर्षभरात गेले होते.

एकदा दहावीचा वर्ग मला जानेवारीत मिळाला, वर्षातला इंग्रजीचा तिसरा मास्तर म्हणून. निम्मी मुले नापास झाली, खापर माझ्यावर फुटले. अजून सलते.

त्याच ऑक्टोबरात आपल्या मुली क्रिकेट विश्वचषकात ओळीने तीन सामने हरल्या. पण अमोल मुजुमदारांना दोन वर्षे मिळाली होती. नोव्हेंबरात कप नवी मुंबईत जिंकला.

असो. प्रशिक्षक कोणीही असो, तीन वर्षे द्या; मग खुशाल कान धरा. पटतंय का?